हात चुकला की हँडलची जागा चुकली?

कांदिवलीच्या चारकोपमध्ये एका राहत्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले गेले, ही बातमी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. बांधणारे कॅप्टन अमोल यादव त्या वेळी जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. ड्युटी सांभाळून, घरच्या माणसांच्या आणि कारागिरांच्या मदतीने, सुमारे सहा वर्षे खपून त्यांनी सहा आसनी विमान उभे केले. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा ते गच्चीवरून खाली उतरवून लोकांपुढे मांडण्यात आले. सरकारदरबारी नोंदणी व्हायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडले. उड्डाण-चाचणीची परवानगी २०१९ मध्ये मिळाली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर पहिल्या टप्प्याच्या चाचण्या झाल्या.

गच्चीवर विमान म्हटले की परळ-लालबागच्या चाळीतला माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, “साहेब, याचा आपल्याशी काय संबंध? आपली उडी लोकलच्या दरवाज्यापर्यंत.” प्रश्न रास्त आहे. विमान विकत घेणे किंवा बांधणे हा आपला आजचा प्रश्न नाही. पण घरी विमान बांधणाऱ्या माणसाला एक काम करावे लागते, जे तयार गाडी विकत घेणाऱ्याला कधीच करावे लागत नाही. चालवणाऱ्याचा हात कुठे पडेल, पाय कुठे पोचेल, डोळा काय पाहील, हे त्याला स्वतः ठरवावे लागते. ते ठरवण्यात हयगय झाली तर माणूस जिवानिशी जातो. या एका कामात आपल्यासारख्या, दुसऱ्याने मांडलेल्या व्यवस्थेत जन्म काढणाऱ्या लोकांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. म्हणून हा लेख.

खोक्यातून येणारे विमान

कॅप्टन यादवांनी आपले विमान स्वतःच्या आराखड्यावर बांधले. परदेशात याहून सोपा मार्ग रूढ आहे, तो म्हणजे किट. कारखाना पंखांच्या फासळ्या, ॲल्युमिनियमचे कापलेले व भोके पाडलेले पत्रे, खिळ्यांसारखे हजारो रिव्हेट आणि नकाशांची पुस्तके अशी सारी सामग्री मोठमोठ्या खोक्यांत भरून पाठवतो. घेणारा ती आपल्या गॅरेजमध्ये वा शेडमध्ये जुळवतो. इंजिन, पंखा आणि यंत्रांची घड्याळे बहुधा वेगळी घ्यावी लागतात.

अमेरिकेत अशा हौशी बांधणाऱ्यांची संघटना १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी सुरू केली. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश गावी दरवर्षी जुलैच्या अखेरीस तिचा मोठा मेळा भरतो. ओरेगॉनमधल्या व्हॅन्स या कंपनीच्या किटवरून बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर आकाशात उडाली आहेत. तिथल्या कायद्याची एक अट लक्षात घेण्यासारखी आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी वा आनंदासाठी केलेले असले पाहिजे. लोक याला ‘एक्कावन्न टक्क्यांचा नियम’ म्हणतात. पैसे देऊन दुसऱ्याकडून सगळे करवून घेतले तर ही सवलत मिळत नाही. शिक्षण म्हणजे हाताने करून शिकणे, हे तिथे कायद्याने मान्य केले आहे.

आपल्या देशाचे म्हणाल तर केरळातल्या आलप्पुळाचे अशोक थामराक्षन हे इंग्लंडमध्ये नोकरी करणारे इंजिनिअर. त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील स्लिंग कंपनीचे चार आसनी किट मागवले आणि कोरोनाच्या टाळेबंदीच्या काळात घरच्या शेडमध्ये ते जुळवले. २०२२ मध्ये ते विमान उडाले. खर्च सुमारे एक लाख चाळीस हजार पौंड झाला, म्हणजे आपल्या हिशेबात दीड कोटीच्या आसपास. तेव्हा पैशाच्या बाबतीत हे गरिबाचे काम नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

पण हाताच्या बाबतीत? पत्रा कापणे, भोकाची धार मोडणे, रिव्हेट ठोकणे, वायरला लग लावणे, बेअरिंग बसवणे ही कामे फिटर, टर्नर, वायरमन आणि पत्रेवाले यांची आहेत. राईट बंधूंचे नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान पहिल्या खेपेस १२ सेकंद उडाले आणि १२० फूट गेले. त्या विमानाचे बारा अश्वशक्तीचे इंजिन त्यांच्या सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने सुमारे सहा आठवड्यांत बनवले होते. हे नाव किती जणांना ठाऊक आहे? कामगाराचे नाव इतिहासात मागे पडते, हा अनुभव काही आपल्या एकट्याचा नाही.

चालकापुढची फळी

आता मूळ विषयाकडे येऊ. विमानात चालक बसतो त्या जागेला कॉकपिट म्हणतात. लहान विमानात ती आपल्या टॅक्सीच्या पुढच्या सीटएवढीच असते. तेवढ्या जागेत काय काय असते ते पाहा.

दोन पायांखाली दोन पेडल असतात. त्यांनी शेपटीचा उभा पडदा डावी-उजवीकडे वळतो. हातात एक दांडा असतो. तो मागे ओढला की नाक वर येते, पुढे लोटला की खाली जाते, बाजूला कलवला की विमान त्या बाजूला कलते. इंजिनचा जोर कमी-जास्त करणारी मूठ, म्हणजे थ्रॉटल, असते. पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण ठरवणारी दुसरी मूठ असते. पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारी तिसरी मूठही काही विमानांत असते. यांचे रंग ठरलेले आहेत. थ्रॉटल काळी, पंख्याची निळी, मिश्रणाची लाल. आकारही वेगवेगळे असतात, कारण उडताना चालकाने बाहेर पाहायचे असते, मुठीकडे नाही. बोटांना स्पर्शानेच कळले पाहिजे की आपण काय धरले आहे.

याशिवाय उतरताना पंखांच्या मागच्या झडपा खाली करणारे हँडल, ब्रेक, वरच्या काचेची कडी, विजेची मुख्य कळ, फ्यूज, आणि कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचे ते ठरवणारा कॉक. बजाजची जुनी स्कूटर ज्यांनी चालवली आहे त्यांना सीटखालचा पेट्रोलचा कॉक आठवत असेल. गाडी मध्येच गचके देऊ लागली की खाली हात घालून तो ‘रिझर्व्ह’वर फिरवायचा. विमानातला कॉक त्याच जातीचा. फरक एवढाच की स्कूटर रस्त्याच्या कडेला उभी करता येते.

समोर घड्याळांची फळी असते. वेग, उंची, दिशा, क्षितिजाशी विमान कसे कललेले आहे, चढते आहे की उतरते आहे, वळते आहे का, अशी मुख्य सहा घड्याळे. आता त्यांच्या जागी पडदेही आले आहेत. पण क्षितिज मधोमध, वेग डावीकडे, उंची उजवीकडे आणि दिशा खाली, हा क्रम पडद्यावरही बहुधा तसाच ठेवतात. का? एका विमानात शिकलेला डोळा दुसऱ्या विमानात चाचपडू नये म्हणून.

पुठ्ठ्याचे कॉकपिट

हे सारे कुठे बसवायचे ते धातू कापण्यापूर्वी ठरवावे लागते. त्यासाठी अनुभवी बांधणारे जी युक्ती करतात तिला खर्च जवळजवळ नाहीच. पुठ्ठ्याचे खोके, जुने प्लायवूड, खिळे आणि डिंक एवढ्या सामग्रीत ते आधी खोटे कॉकपिट बनवतात. खऱ्या उंचीची बैठक, खऱ्या कोनाची पाठ, पुढे पुठ्ठ्याची फळी. फळीवर घड्याळांची कागदी चित्रे डकवतात. काठीचा दांडा करतात. बाटल्यांच्या झाकणांची बटणे करतात. मग त्यात रोज थोडा वेळ बसायचे.

बसून काय करायचे? कमरेचा आणि खांद्याचा पट्टा घट्ट बांधायचा आणि मग प्रत्येक वस्तूकडे हात न्यायचा. पट्टा न बांधता सगळे हाताशी येते. पट्टा बांधला की खरे अंतर कळते. पुढे डोळे मिटून तेच करायचे. थ्रॉटल कुठे? कॉक कुठे? वरची कडी कुठे? दांडा पूर्ण मागे ओढला तर पोटाला लागतो का? बाजूला कलवला तर मांडीला अडतो का? उजव्या हाताने काही करायचे असेल तर दांडा कोणत्या हाताने धरायचा? दोन माणसे शेजारी बसणार असतील आणि थ्रॉटल मधोमध असेल, तर डावीकडच्याला दांडा डाव्या हाताने धरायची सवय करावी लागेल. जाड कोट घातला, डोक्याला मोठे हेडफोन लावले, तर काय अडते? ऊन समोरून आले तर कोणते घड्याळ दिसेनासे होते? फळीच्या मागे वायर तुटली तर हात आत घालून दुरुस्त करता येईल का?

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची परीक्षा. दुसऱ्या कोणाला तरी तिथे बसवायचे आणि अचानक ओरडायचे, “इंजिन बंद पडले!” तो काय शोधतो, त्याचा हात आधी कुठे जातो, कुठे चुकतो, हे बाजूला उभे राहून पाहायचे आणि वहीत लिहायचे. हात जिथे चुकला तिथे पेन्सिलीने खूण करायची. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कापून ती वस्तू हलवायची.

तिथे हात चुकणाऱ्याला कोणी मूर्ख म्हणत नाही. उलट त्याचे आभार मानतात, कारण त्याने रचनेतला दोष उघड केला.

दोन सारखी हँडले

ही दृष्टी जगाला फार उशिरा आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलात एक विचित्र प्रकार वारंवार घडत होता. बी-१७, बी-२५ अशी विमाने व्यवस्थित उतरत. धावपट्टीवर धावू लागत. मग चालक पंखांच्या झडपा मिटवायला जाई आणि चुकून चाकेच आत ओढून घेई. विमान पोटावर बसे. चौकशी होई, ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडे, आणि काही दिवसांनी दुसरा वैमानिक हुबेहूब तीच चूक करी.

आल्फोन्स चापानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला हे पाहायला सांगितले. त्याने चालकांबरोबर कॉकपिटही तपासले. झडपांची कळ आणि चाकांची कळ एकमेकींच्या शेजारी, दिसायला आणि हाताला सारखीच. सी-४७, म्हणजे ज्याला आपल्याकडे डाकोटा म्हणत, त्या विमानात या दोन गोष्टींची मांडणी निराळी होती. तिथे ही चूक होत नव्हती. माणसे तीच, शिक्षण तेच, थकवाही तोच. चापानिसने उपाय सुचवला तो असा. चाकांच्या हँडलला रबरी चाकासारखा गोल गोळा लावा, झडपांच्या हँडलला पाचरीसारखा चपटा तुकडा लावा. अंधारातही हाताला फरक कळेल. आजही विमानांत चाकांच्या हँडलची मूठ चाकासारखी असते, ती या विचारातूनच.

आता आपल्या माता-भगिनींनी आपल्या स्वयंपाकघरात पाहावे. चार बर्नरच्या शेगडीत बर्नर दोन पुढे, दोन मागे असे चौकोनात असतात आणि बटणे मात्र पुढच्या पट्टीवर एका ओळीत. कोणते बटण कोणत्या बर्नरचे? एकीकडे दूध, एकीकडे डाळ, आणि घाईत भलतेच बटण फिरते. “लक्ष कुठे असते तुझे?” म्हणून बोलणी मात्र बाईला बसतात. याच चापानिसने एका सहकाऱ्याबरोबर १९५९ मध्ये अशा शेगड्यांवर प्रयोग केला. बर्नर थोडे सरकवून बटणांच्याच क्रमात दिसतील असे मांडले, तर प्रयोगात कोणाचाही हात चुकला नाही. शेगडीने जे केले त्याचा दोष घरोघरच्या बायकांनी किती वर्षे अंगावर घेतला असेल, याचा पुरुषांनीही विचार करावा.

खांद्यामागचा कॉक

घरी बांधलेल्या विमानात ही गोष्ट किती गंभीर होते याचे प्रसिद्ध उदाहरण १९९७ चे आहे. जॉन डेन्व्हर हा अमेरिकेतला नामांकित गायक. तो विमान चालवण्यात नवखा नव्हता. अडीच हजार तासांहून अधिक उड्डाण त्याच्या खाती होते. त्याने लाँग-ईझेड जातीचे, दुसऱ्या कोणी तरी घरी बांधलेले विमान विकत घेतले.

या विमानाच्या मूळ नकाशात पेट्रोलचा कॉक चालकाच्या पुढे, दोन पायांच्या मध्ये दाखवला होता. बांधणाऱ्याने पेट्रोलची नळी चालकाजवळून जाऊ नये या हेतूने तो कॉक चालकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. हेतू वाईट नव्हता. पण तो फिरवायचा तर उजवा हात दांड्यावरून काढायचा, सगळे अंग डावीकडे मागे वळवायचे आणि पाठीमागे हात घालायचा. असे वळताना माणूस नकळत उजव्या पायाने रेटा देतो, आणि उजव्या पायाखाली पेडल आहे! शिवाय कॉकच्या कोणत्या बाजूला कोणती टाकी याची खूण नव्हती आणि पेट्रोल दाखवणाऱ्या नळीवर आकडे नव्हते.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी उड्डाणापूर्वी डेन्व्हर एका तंत्रज्ञाशी याच अडचणीबद्दल बोलला होता. पकड लावून कॉकचा दांडा लांब करता येतो का, तेही दोघांनी करून पाहिले. जमले नाही. पेट्रोल भरू का, असे विचारले तेव्हा त्याने नको म्हटले. विमान कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या उपसागरात कोसळले आणि तो गेला. सरकारी चौकशीत चालकाच्या तयारीतल्या उणिवा नोंदल्या गेल्या, आणि अवघड जागी, खुणांशिवाय बसवलेला कॉक हेही कारण नोंदले गेले. एक पितळी कॉक, दोन हात पुढे असता तर!

सरासरी माणूस सापडला नाही

हँडल कुठे बसवायचे हे ठरले, तरी कोणाच्या हाताच्या मापाने? अमेरिकन हवाई दलात पूर्वी सरासरी वैमानिकाच्या मापाने कॉकपिट करत. १९५० च्या सुमारास गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण लेफ्टनंटने ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. उंची, छाती, बाहू अशी दहा मापे घेतली आणि पाहिले की दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारे किती. उत्तर आले शून्य. एकही नाही! ज्या माणसासाठी ती जागा बनवली होती तो माणूस जगात नव्हता.

मग हवाई दलाने काय केले? बसत नाहीत म्हणून वैमानिकांना हाकलले नाही. पुढे-मागे सरकणारी सीट, सरकणारी पेडल, कमी-जास्त होणारे पट्टे आले. यंत्र माणसाच्या मापाने हलू लागले. आरक्षण म्हटले की “सगळ्यांना एकच माप लावा, लायकी असेल तो बसेल” असे म्हणणारे लोक आपल्याला कचेरीत, लोकलमध्ये रोज भेटतात. त्यांना ही चार हजार वैमानिकांची गोष्ट जरूर सांगावी. आखूड हाताच्या वैमानिकासाठी सीट पुढे घेतली म्हणून त्याची लायकी कमी होत नाही. विमान तर त्यालाच चालवायचे असते.

शिक्का आणि धोटा

आपल्या रोजच्या जगात ही उदाहरणे कमी नाहीत. आम्हा कारकुनांच्या टेबलावर शिक्के असतात. एका कचेरीत आवक आणि जावक यांचे दोन शिक्के एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या मुठीचे, एकाच डबीत ठेवलेले असत. आठवड्यातून एकदा तरी भलत्या कागदावर भलता शिक्का उठे आणि शिपायाला मेमो मिळे. शेवटी त्याच शिपायाने एका मुठीला सुतळी गुंडाळली. मेमो थांबले. साहेबांच्या तीन मेमोंनी जे झाले नाही ते वीतभर सुतळीने झाले.

याहून मोठे उदाहरण परळ-लालबागच्या गिरण्यांचे आहे आणि ते आपल्या काळजाजवळचे आहे. गिरणीत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण सांगत ते धोट्याचे. कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावा लागे. म्हणजे एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. स्पृश्यांना विटाळ होणार! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला, हे आपल्या चळवळीच्या इतिहासात नोंदलेले आहे.

आता त्या धोट्याकडे कॉकपिट बांधणाऱ्याच्या नजरेने पाहा. तोंडाने धागा ओढायला लावणारा धोटा हा काही निसर्गनियम नव्हता. त्याने रोग पसरतात म्हणून अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने ती पद्धत १९११ मध्येच कायद्याने बंद केली होती. हाताने धागा ओवता येईल असा धोटा बनवता येत होता. म्हणजे एक अवजार वाईट रचलेले, त्यावर जातीचा विटाळ चढवलेला, आणि त्या दोहोंच्या आधारे हजारो कुटुंबांची मजुरी कापलेली. आणि दोष कोणाचा? तर म्हणे जन्माचा!

‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या १९३६ च्या आपल्या भाषणात बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा असाच मुळाला हात घालतो. जात पाळणारी माणसे जन्मतः दुष्ट असतात असे त्यांनी म्हटले नाही. माणसांच्या मनात ती कल्पना रुजवणाऱ्या धर्मव्यवस्थेवर त्यांनी बोट ठेवले. माणसामागून माणूस तीच चूक करीत असेल, तर त्या माणसांना कोणत्या मांडणीत बसवले आहे ते पाहा आणि मांडणी बदला.

या आणि पाहा

आणखी एक सावधगिरी. विमान म्हटले की आपल्या गिरगावचे नाव निघते. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले आणि ते वेदांच्या आधारे होते, असे सांगितले जाते. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या विज्ञान काँग्रेसमध्येही प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. तळपदे यांच्या धडपडीची थट्टा करण्याचे कारण नाही. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला विश्वासार्ह पुरावा पुढे आलेला नाही. आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला देतात, तो ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तपासला. तो प्राचीन नसून विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आपण वंदनेत रोज ‘एहिपस्सिको’ म्हणतो. या आणि पाहा. ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, हा तथागतांचा कालामांना दिलेला उपदेश आहे. विमान बांधणाऱ्याला हा उपदेश पाळावाच लागतो, कारण हवा कोणाच्या पोथीला भीत नाही. नवे विमान आधी जमिनीवर हळू चालवतात, मग वेगाने पळवतात, मग चाके जराशी उचलतात, मग एक फेरी घेतात. अमेरिकेत घरी बांधलेल्या विमानाला सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तास, वस्तीपासून दूर, प्रवाशाविना चाचणीत काढावे लागतात.

या पायऱ्या सुटल्या तर काय होते ते आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीचा एक तरुण, शाळा आठवीत सुटलेला, वेल्डिंगचे काम करणारा. त्याने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बांधले. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना शेपटीचे पाते तुटले, ते मुख्य पंख्यावर आदळले आणि त्या पंख्याने त्याचा जीव घेतला. त्याला वेडा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्याचा हात कुशल होता. त्याच्या बाजूला उभा राहून “हे पाते आधी तपासू, तू पंख्यापासून लांब बस” असे सांगणारा जाणता माणूस नव्हता. श्रीमंत देशांतल्या हौशी माणसाला संघटना मिळते, अनुभवी तपासनीस मिळतो, नियमांचे पुस्तक मिळते. आपल्या कारागिराला टाळ्या मिळतात आणि मग श्रद्धांजली मिळते.

तेव्हा पालकांना विनंती आहे. मुलाचा हात चांगला असेल तर त्याला आयटीआयला, पॉलिटेक्निकला घाला. विमान-दुरुस्तीच्या इंजिनिअरचा परवाना मिळवून देणारे शिक्षण असते, त्याची चौकशी करा. सुट्टीत मुलांना वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला न्या. आणि परवानगीशिवाय कोणतेही यंत्र हवेत उडवण्याचा नाद कोणी करू नये.

विमान नको असेल तर आजच संध्याकाळी एवढे करा. घरातली मंडळी एकत्र बसवा. चाळीतला मीटरबोर्ड पाहा. कोणती कळ कोणाची, हे अंधारात कळते का? शेगडीची बटणे पाहा. औषधाच्या दोन सारख्या बाटल्या शेजारी ठेवल्या आहेत का? आजीचा हात मोरीच्या नळापर्यंत पोचतो का? मुलांच्या हाती खडू द्या आणि जिथे कोणाचा हात चुकतो तिथे खूण करायला सांगा. रविवारच्या वंदनेनंतर विहारातही हे करता येईल. कळीखाली नाव लिहायला, मुठीला सुतळी गुंडाळायला, बाटली दुसऱ्या फळीवर ठेवायला पैसा लागत नाही.

आणि उद्या कामावर कोणी तुम्हाला किंवा तुमच्या शेजारच्या सफाई कामगाराला “तुझीच चूक” असे म्हणाले, तर मान खाली घालण्यापूर्वी एक प्रश्न शांतपणे विचारा. “साहेब, माझ्याआधी इथे होता त्याच्याकडूनही हीच चूक झाली होती का?”

जयभीम.